मामाचं इंजिन, बाबांचा घाट

१९८६ च्या मे महिन्यात मामा शिकागोहून आला तेव्हा त्याने दादासाठी निळ्या खोक्यातलं एक डिझेल इंजिन आणलं होतं. सोबत तीन मालडबे, पितळी रुळांचे तुकडे आणि रुळांना वीज देणारा एक काळा पॉवर पॅक. दादाने फरशीवर रूळ जोडले, इंजिन ठेवलं आणि चपट्या पिनांचा तो प्लग आमच्या सॉकेटमध्ये कसाबसा बसवला. इंजिन गोळीसारखं सुटलं, वळणावर रूळ सोडून कपाटावर आदळलं आणि पॅकमधून धूर निघाला. अमेरिकेत घरची वीज ११०-१२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. इंजिनही जळालं असं सगळ्यांनी धरून चाललं, आईने ते पुसून खोक्यात ठेवलं आणि खोकं माळ्यावर गेलं.

मागच्या दिवाळीच्या आधी रंगकामासाठी माळा रिकामा केला, तेव्हा ते हाती आलं. दादा पुण्यात असतो. फोनवर म्हणाला, "तूच ठेव. तू फिजिक्स शिकवतेस, बघ काही होतं का." मी खोकं बाबांसमोर ठेवलं. बाबा ८२ वर्षांचे आहेत. उभी नोकरी महूच्या डिझेल शेडमध्ये गेली, अल्को या अमेरिकन कंपनीच्या धाटणीच्या मीटरगेज वायडीएम-४ इंजिनांवर, त्यातही बहुतेक ट्रॅक्शन मोटरच्या कामावर. आमचं घर इंदूरच्या लोकमान्य नगरात, मीटरगेजच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी हॉर्न ऐकून बाबा इंजिनाचा नंबर सांगायचे. मीटरगेज गेलं तेव्हापासून त्यांनी त्या बाजूची खिडकी फारशी उघडलेली मला आठवत नाही.

त्यांनी इंजिन हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हे अल्को नाही."

बरोबर होतं. ती जनरल मोटर्सच्या ईएमडी कारखान्याच्या जीपी-३५ ची एचओ प्रमाणातली प्रतिकृती आहे. एचओ म्हणजे ८७ पट लहान, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. खरी जीपी-३५ इंजिनं १९६३ ते १९६६ च्या दरम्यान बनली, २५०० अश्वशक्तीची, चार आसांची. बाबांची वायडीएम-४ सहा आसांची, सहा सिलिंडरची, १४०० अश्वशक्तीची. ईएमडीचं तेव्हाचं डिझेल टू-स्ट्रोक, अल्कोचं फोर-स्ट्रोक, आणि आवाजावरून हा फरक डोळे मिटून सांगता येतो असं बाबांचं म्हणणं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवली. वीज लावायची नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इंजिनाला कुतूहलापोटी थेट बारा व्होल्ट देणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई आहे. आतलं तेल वाळून सरसासारखं झालेलं असतं, चाकं फिरत नाहीत, मोटर जागच्या जागी अडकते आणि नुसता करंट खात वाइंडिंग जाळून घेते. मी चाक बोटाने फिरवून पाहिलं. हललं नाही.

बॉडी बाजूच्या खाचांत अडकवलेली असते. दोन्ही बाजूंनी नखाने हलकेच फाकवून उचलायची. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ होतं म्हणून पंधरा मिनिटं उन्हात ठेवलं, मग सुटली. आतलं दृश्य बघून बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. मधोमध एकच मोटर, तिच्या दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील, तिथून दोन्ही बोगींकडे, म्हणजे चाकांच्या चौकटींकडे, जाणारे छोटे कार्डन शाफ्ट, आणि प्रत्येक बोगीच्या डोक्यावर वर्म, म्हणजे मळसूत्रासारखा गिअर.

"एकच मोटर? आमच्याकडे प्रत्येक आसाला वेगळी."

खरंच, वायडीएम-४ ला सहा ट्रॅक्शन मोटर, प्रत्येक आपल्या आसाला टेकून लोंबणारी. त्या हिशेबाने हे मॉडेल रचनेत डिझेल-हायड्रॉलिक शंटिंग इंजिनाच्या जवळचं आहे, शाफ्टने बोगीपर्यंत ताकद नेणारं. त्या काळातली स्वस्त मॉडेलं याहून वेगळी असत. त्यांत मोटर एका बोगीतच बसवलेली, दुसरी बोगी नुसती मागे ओढली जाणारी, आणि पकड यावी म्हणून दोन चाकांवर रबरी टायर. अशा इंजिनाची एक बोगी एका रुळातून वीज घेते आणि दुसरी दुसऱ्या रुळातून, त्यामुळे सांध्यावर किंवा पॉइंटवर, म्हणजे रूळ फुटतात तिथे, अशी इंजिनं हमखास थबकतात. आमच्या इंजिनाची आठही चाकं ओढतात आणि आठही वीज घेतात. चासी ओतीव धातूची, म्हणून वजन चांगलं. मामाने निवडून आणलं होतं की दुकानदाराने दिलं ते त्याच्या हातात पडलं, हे आता विचारायला मामा नाही.

या मोठ्या मोटरची किंमत मात्र बाहेरून मोजावी लागलेली दिसते. त्या वेळच्या मोटरी इतक्या रुंद होत्या की खऱ्या मापाच्या हूडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या कवचात, त्या मावत नसत. म्हणून बनवणाऱ्यांनी हूडच रुंद केलं. शेजारी खऱ्या इंजिनाचा फोटो धरला की मॉडेल किंचित गुबगुबीत वाटतं. हे मॉडेलच्या अंगातच आहे, कोणत्याही दुरुस्तीने जाणार नाही. मी त्याबद्दल काही केलं नाही.

वर्मवरची झाकणं चिमट्याने उचलली की बोगी खाली सुटून येते. खालची पट्टी काढली की आस हातात. गिअर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने टूथब्रश घेऊन धुतले. बाबांना घासलेट हवं होतं. धातूच्या बेअरिंगसाठी ते चालतंही, पण प्लॅस्टिकच्या आसपास मी ते येऊ दिलं नाही. धातूचे भाग आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. जेल रोडला मोबाइल दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाकडे त्याची बाटली असते. तिथल्या एका मुलाने मला अर्धी बाटली पैसे न घेता ओतून दिली, कशासाठी हवंय ते ऐकल्यावर.

गिअर धुतल्यावर शाळेतल्या भिंगाखाली एकेक फिरवून पाहिले. चौथ्या आसाच्या गिअरला बुडाशी केसासारखी चीर होती. या इंजिनांत आस अखंड नसतो. प्लॅस्टिकचा गिअर मध्ये, आणि त्यात दोन्ही बाजूंनी चाकांचे धातूचे अर्धे आस ठोकून बसवलेले. डावं आणि उजवं चाक विजेच्या दृष्टीने वेगळं राहावं म्हणून ही योजना. पण प्लॅस्टिक काळाने आकसतं, आतला धातू आकसत नाही, आणि एक दिवस गिअर तडकतो. मग त्या चिरेपाशी दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका पडतो. इंजिन लंगडत चालतं. हे प्लॅस्टिक गोंद धरत नाही. मी दोन तऱ्हेचे गोंद लावून पाहिले, दोन्ही नखाने निघाले. भाचा डलासला असतो, त्याला कळवलं. सुटे गिअर आजही मिळतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या इंजिनाचा गिअर पाकिटात मिळावा, हे मला या जुन्या मॉडेलांचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य वाटतं. आजची नाजूक इंजिनं रूपाने कितीतरी खरी असतात, पण तीन वर्षांनी त्यांचा भाग मागितला तर मिळेलच असं नाही.

पाकीट यायला वेळ होता. तोवर मोटर घेतली, आणि इथे काम माझ्या हातातून बाबांच्या हातात गेलं.

मोटरच्या वर आणि खाली एकेक धातूची क्लिप असते. ती काढली की स्प्रिंग आणि त्याखाली कार्बन ब्रश. मी सावध होते, स्प्रिंग उडाली तर फरशीवर सापडत नाही. बाबांनी ब्रश तळहातावर घेतला, उलटा केला, त्याचं टोक अंगठ्याने चाचपलं. "अर्धा आहे अजून. चालेल." तांदळाच्या दाण्याएवढा कार्बनचा तुकडा. शेडमध्ये हेच काम ते करत होते, फक्त तिथले ब्रश काडेपेटीहून मोठे. मग त्यांनी टॉर्च मागितला आणि कॉम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्याच्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, पाहिला. तो काळा पडला होता.

"खाचा भरल्यात. नुसतं पुसून भागणार नाही."

ट्रॅक्शन मोटरच्या कॉम्युटेटरमध्ये तांब्याच्या पट्ट्यांच्या मध्ये मायका असतो. तांबं झिजतं, मायका तितका झिजत नाही, वर डोकावायला लागतो आणि ब्रश उडवतो. म्हणून तो खोल कोरून काढावा लागतो, त्याला अंडरकटिंग म्हणतात. बाबांनी आयुष्यात किती मोटरींचं अंडरकटिंग केलं असेल याचा हिशेब नाही. आमच्या मोटरमध्ये कोरण्यासारखं काही नव्हतं, पण त्या खाचांत ब्रशची कार्बन भुकटी आणि जुनं तेल मिळून काळा लगदा बसला होता. त्यातूनच करंट एका पट्टीवरून दुसरीवर गळतो. लाकडी टूथपिकला टोक काढून, आयपीएत बुडवून त्यांनी एकेक खाच साफ केली. हात थरथरतो त्यांचा, चहाचा कप भरून दिलेला चालत नाही. खाचेत टूथपिक असताना थरथरत नव्हता. मी टॉर्च धरून उभी होते आणि चाळीस मिनिटं आम्ही एक शब्द बोललो नाही.

रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, बाहेर काढायचा नाही, एवढं मी सांगितलं. जुन्या मोटरींतल्या काही चुंबकांची ताकद रोटर बाहेर काढला की कमी होते. बाबांना ते पटलं, कारण पटलं म्हणून.

वीज द्यायची वेळ आली तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेतला बॅटरी एलिमिनेटर घरी आणला, रीतसर नोंद करून. दोन-दोन व्होल्टच्या पायऱ्यांनी बारापर्यंत जाणारा. नुसती मोटर, बोगीशिवाय. दोन व्होल्टला काही नाही. चारला एक हुंकार. सहाला फिरली. ब्रशपाशी बारीक निळी ठिणगी दिसत होती. बाबा वाकून बघत होते. "ठिणगी निळी आणि लहान आहे तोवर काळजी नाही. पिवळी होऊन गोल फिरायला लागली तर बंद कर." १९८६ मध्ये जळाला होता तो पॅक आणि पुढचा दिव्याचा बल्ब. मोटर त्या दिवशीही ठीक होती. इतकी वर्षं माळ्यावर एक चांगलं इंजिन पडून होतं, हे कळल्यावर मी दादाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता.

विजेची वाट सोपी आहे, पण गंजाला बळी पडणारी. एका बाजूच्या चाकांतून वीज बोगीच्या धातूत, तिथून घासून चासीत आणि चासीतून मोटरच्या खालच्या ब्रशला. दुसऱ्या बाजूच्या चाकांतून वर आलेल्या पत्र्याच्या जिभेवर, तिच्यावर टेकलेल्या लांब पोलादी पट्टीत, तिथून वरच्या ब्रशला. म्हणजे सगळा भार घासणाऱ्या सांध्यांवर. जिथे गंज तिथे वीज अडली. मी सांधे बारीक पॉलिश पेपरने घासले, पोलादी पट्टी काढून टाकली आणि तिच्या जागी मऊ बारीक वायर डाग देऊन जोडली. या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा बाकी सगळ्या सफाईने मिळूनही पडला नसेल. बल्बच्या जागी पिवळसर एलईडी, एक हजार ओहमचा रेझिस्टर आणि उलट्या दाबापासून वाचवायला एक डायोड. एलईडी एकाच दिशेने वीज घेतो, म्हणून आता पुढे जातानाच दिवा लागतो, मागे येताना विझतो. इंजिन थांबलं की मात्र दिवाही विझतो, कारण रुळात वीजच उरत नाही. साध्या डीसीवर चालणाऱ्या सगळ्या जुन्या मॉडेलांची ही मर्यादा आहे.

डीसीसी, म्हणजे रुळात कायम वीज ठेवून इंजिनाला आकड्यांत हुकूम देण्याची पद्धत, बसवावी का याचा विचार केला होता. या इंजिनात चासीच विजेची तार आहे. ते हुकूम वाचणारा डिकोडर बसवायचा तर मोटर चासीपासून पूर्ण तोडावी लागते, खाली इन्सुलेशन, दोन्ही क्लिपांना वेगळ्या वायरी. ते जमण्यासारखं आहे. पण मी चाकं धरून ठेवून करंट मोजला, तो १.३ अँपिअरपर्यंत गेला. एचओचे बरेच डिकोडर एक अँपिअरच्या आसपासचे असतात. चढावर एकदा अडकलं की डिकोडर जळायचा. आणि खरं सांगायचं तर बाबांना हँडल फिरवून वेग वाढवायचा होता, बटणं दाबून नाही.

दिवाळीला भाचा आला आणि गिअर आले. नवा गिअर बसवताना चाकांमधलं आतलं अंतर नीट राखावं लागतं, सुमारे १४.४ मिलिमीटर. शाळेचा व्हर्निअर कॅलिपर इथेही कामाला आला. बेअरिंगांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, गिअरना सिलिकॉन ग्रीसचं बोट. जास्त तेल घातलं तर ते कॉम्युटेटरवर जातं आणि सगळी मेहनत पुन्हा काळी होते. पितळी रूळ खोडरबराने घासले. पितळेवर चढणारा थर वीज अडवतो, म्हणून हे काम दर आठवड्याला आहे. चाकंही दाबलेल्या लोखंडी भुकटीची, खरखरीत, मळ चटकन धरणारी. एका बोगीखाली आयपीएत भिजवलेलं फडकं, दुसरी रुळावर, आणि इंजिन चालू. फडक्यावर काळे पट्टे उमटतात ते पाहून समाधान वाटतं.

वेगाचं गणित मी वर्गातल्या मुलांना घालते तसं मांडलं. बारा व्होल्टला इंजिन एक मीटर दीड सेकंदात कापतं. गुणिले ८७, म्हणजे ताशी २०९ किलोमीटर. बाबांच्या वायडीएम-४ ची कमाल ९६ होती. वरचा वेग काय, हँडल कमी ठेवलं की प्रश्न मिटतो. खरी अडचण खालच्या टोकाला आहे. व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या एलएम-३१७ या चिपवर बनवलेल्या माझ्या गुळगुळीत डीसीवर ते एक मीटरला आठ सेकंदांपेक्षा हळू चालत नव्हतं. ताशी ३९. त्याखाली थांबायचं, आणि सुरू होताना उडी मारायचं.

"इंजिन असं सुटत नाही," बाबा म्हणाले. "हँडलच्या पहिल्या नॉचला, पहिल्या पायरीला, आधी कपलिंग ताणली जातात. डबे एकेक करून हलतात."

मी सर्किटमधला फिल्टरचा कपॅसिटर काढला आणि चार डायोडांच्या जागी एकच ठेवला. आता वीज सलग न जाता सेकंदाला पन्नास झटक्यांनी जाते. तेवढ्याच सरासरीसाठी प्रत्येक झटका मोठा द्यावा लागतो, आणि तोच झटका मोटरला जुन्या घर्षणातून ढकलून बाहेर काढतो. इंजिन एक मीटरला वीस सेकंदांवर आलं. ताशी पंधरा-सोळा. मोटर यात तापते, दहा मिनिटांत चासी हाताला कोमट लागते, म्हणून एक स्विच ठेवलाय. सुटताना झटक्यांवर, वेग आला की गुळगुळीत विजेवर. जात्यासारखी घरघर दोन्हीकडे आहे. ती कमी करायचे उपाय मी वाचले होते, बाबांनी करू दिले नाहीत.

परवा रविवारी त्यांनी सुताराकडून दोन मीटरची फळी आणवली. तिच्यावर रूळ ठोकले आणि एक टोक बरोबर पाच सेंटिमीटर उचलून खाली पुस्तकं ठेवली. चाळीसात एक. महूजवळच्या घाटात कालाकुंड ते पातालपानी हाच चढ. २०१८ पासून तिथे पर्यटकांसाठी हेरिटेज गाडी धावते, मी त्यांना दोनदा विचारलं, ते आले नाहीत. फळीच्या खालच्या टोकाला त्यांनी खडूने "कालाकुंड" लिहिलं. तीन डब्यांत तुरीची डाळ भरली, हँडल हातात घेतलं आणि हळूहळू फिरवलं. पहिला डबा हलला, मग दुसरा, मग तिसरा. अर्ध्या फळीपर्यंत इंजिन नीट गेलं. मग चाकं जागीच फिरायला लागली, घरघरीचा सूर चढला.

"सँडिंग नाही का याला?"

नाही. खरं इंजिन चाकांपुढे वाळू सोडतं, इथे ती गिअरमध्ये गेली की संपलं. मी म्हटलं, डाळ कमी करू.

"डाळ नको काढूस." त्यांनी हँडल शून्यावर आणलं आणि गाडी हाताने अलगद खाली घेतली. शेवटचा डबा सोडवला आणि खडूच्या अक्षरांपाशी उभा केला. "दोन वर नेऊ. हा इथे थांबू दे, मागून ढकलणारं बँकर इंजिन आलं की मागून येईल. दादाला सांग, भाच्याकडून अजून एक इंजिन मागवायला."